विषय: निवृत्तीनंतर मन लागत नसल्याबाबत

यावेळचं पत्र आलंय सातारा जिल्ह्यातून, पाटण तालुक्यातल्या एका गावातून. चार फुलस्केप पानं, निळी शाई, डावीकडे समास सोडलेला, आणि वर चक्क 'विषय' आणि 'संदर्भ'. विषय तुम्ही वर वाचलाच, तो त्यांचाच आहे, मी फक्त उचलून शीर्षकात टाकला. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात देते:

"ताई, नमस्कार. पंचायत समितीत 34 वर्षं नोकरी करून 31 मे रोजी रिटायर झालो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पहिला महिना बरा गेला. आता सकाळी साडेनऊ झाले की अंग आपोआप कपडे करायला उठतं आणि मग लक्षात येतं की कुठं जायचंच नाहीये. मिसेस म्हणते सारखं मागं-मागं करू नका. मुलगा पुण्याला आयटीत आहे, त्याने साडेचार हजार भरून मला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं, 'जीवनाचा उद्देश शोधा' असं. तिथं चार वर्तुळं काढून दिली, तुम्हाला काय आवडतं, काय चांगलं येतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतील. बाकीचे भराभर लिहीत होते, माझी चारही वर्तुळं कोरी राहिली. रोज आरशासमोर 'मी आनंदी आहे, मी समर्थ आहे' म्हणायला सांगितलं, ते म्हणताना मिसेसने ऐकलं आणि ती हसली, तेव्हापासून बंद केलं. मुलगा रोज फोनवर म्हणतो बाबा पॉझिटिव्ह राहा. मला कळत नाही पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय करायचं असतं. जन्मभर आवक-जावक केलं, टिपण्या लिहिल्या, आता या वयात उद्देश कुठून आणू? माझ्यातच काही कमी आहे का?"

भाऊसाहेब, नमस्कार. गावात तुम्हाला भाऊसाहेबच म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते.

आधी एक विचारते, वाढदिवस 1 जूनचा ना? 31 मेला रिटायर झालात म्हणजे असणारच. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जूनला करून टाकलाय, माझ्या दोन्ही दिरांचा तसाच आहे आणि दोघांत वर्षाचंसुद्धा अंतर नाहीये कागदावर. तर सांगायचं काय, ज्या तारखेला तुमचं काम संपलं असं सरकारने ठरवलं ती तारीख मुळात एका गुरुजींनी घाईत अंदाजे टाकलेली होती. तिला किती मनाला लावून घ्यायचं ते बघा.

आता त्या वर्तुळांकडे येते, कारण तुम्ही त्यावर अख्खं एक पान खर्च केलंय आणि ते वाचून माझा जरा संतापच झाला. शिबिरात सांगितलं असेल की ही जपानी लोकांची हजारो वर्षांची इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण, वगैरे. इकिगाई हा शब्द जपानी आहे, खराय. पण ती चार वर्तुळं जपानी नाहीत हो. ती आकृती एका स्पॅनिश ज्योतिषाने काढलेली, तिच्या मधोमध 'उद्देश' असं लिहिलेलं होतं, आणि 2014 साली मार्क विन नावाच्या एका ब्रिटिश ब्लॉगरने तो मधला शब्द काढून तिथे इकिगाई टाकलं. बास. तिथून ते जगभर पसरलं आणि फिरत फिरत तुमच्यापर्यंत साडेचार हजाराला पोचलं. साधे जपानी लोक इकिगाई म्हणतात ते कुंडीतल्या झाडाला पाणी घालणं, सकाळचा चहा, नातवाला शाळेत सोडणं अशा गोष्टींनाही म्हणतात, त्यात पैसे मिळायची अट कुठेच नाही. तेव्हा तुमची वर्तुळं कोरी राहिली यात तुमचा काही दोष नाही, फॉर्मच चुकीचा होता. आणि चुकीच्या फॉर्मवर अर्ज घ्यायचा नसतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

आरशाचंही तेच. वहिनी हसल्या ते बरंच केलं त्यांनी. 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं होतं, लोकांना स्वतःबद्दलचं चांगलं वाक्य परत परत म्हणायला लावलं, तर ज्यांना आधीच स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नव्हतं त्यांना ते म्हणून उलट जास्तच वाईट वाटलं. का ते समजण्यासारखं आहे. तुम्ही 'मी आनंदी आहे' म्हणता आणि आतला जुना क्लार्क लगेच शेरा मारतो, 'पुराव्याअभावी अमान्य'. मन काही इतकं खुळं नसतं, त्याला कागद लागतो.

मग पॉझिटिव्ह म्हणजे काय करायचं? तुमचा मुलगा प्रेमाने म्हणतो, त्याच्यावर रागावू नका, लांब राहणाऱ्या पोरांना फोनवर दुसरं काय म्हणायचं तेच सुचत नाही, पण "पॉझिटिव्ह राहा" हे "उंच व्हा" म्हणण्यासारखं झालं. आपल्याला वाटतं आधी मन प्रसन्न होईल, मग उत्साह येईल, मग आपण काहीतरी करू. माझ्या अनुभवात हे नेहमी उलट्या बाजूने होतं. आधी नाखुशीने उठून काहीतरी केलं जातं, मग तासाभराने कधीतरी मन मागून येतं, शाळेला उशीर झालेल्या पोरासारखं. डिप्रेशनवरच्या उपचारांतसुद्धा हे वापरतात, पेशंटला बरं वाटेपर्यंत थांबत नाहीत, आधी दिवसात ठरवून छोटी-छोटी कामं घालतात.

माझंच सांगते. मी शाळेत शिक्षिका होते, रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने मला सकाळी 7:10 ची घंटा कानात ऐकू यायची. मीही खूप शोधाशोध केली, हार्मोनियम लावली, दोन महिन्यांत सोडली, हास्यक्लबला गेले तर तिथे हसण्यापेक्षा भांडणंच जास्त. मग शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांची दृष्टी गेली आणि त्यांच्या सुनेने सहज विचारलं की दुपारी चारला येऊन पेपर वाचून दाखवाल का. त्याला आता सहा वर्षं झाली. खोटं कशाला बोलू, आठवड्यातून तीन दिवस मला जायचा कंटाळा येतो. आजोबा गोड वगैरे अजिबात नाहीत, आधी निधनवार्ता वाचायला लावतात, मग अग्रलेख, आणि मधे माझ्या उच्चारांतल्या चुका काढतात, मी तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई! पण चारला पाच कमी असताना त्यांनी पेपर घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवलेला असतो, ते डोळ्यांपुढे येतं आणि मी चपला घालते. हा माझ्या जीवनाचा उद्देश आहे का, मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही स्वतःला. विचारायची वेळच आली नाही.

आता तुमच्या पत्राकडे परत. मी ते तीनदा वाचलं. आणि तिसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानावर, सहीच्या खाली, ताजा कलम म्हणून तुम्ही जे चार ओळींत कोंबलंय त्यावर अडकले. वाचकांसाठी ते जसंच्या तसं देते: "परवा आमच्या आळीतली एक बाई आली होती, मालक वारले तिचे दोन वर्षांमागं. संजय गांधी निराधारचा अर्ज दोनदा परत आलेला. बघितलं तर आधारला नाव वेगळं, रेशनकार्डाला वेगळं, आणि उत्पन्नाचा दाखला मागच्या सालातला. सगळे कागद लावून, सोबत 1 ते 7 असं लिहून अर्ज करून दिला. दोन तास गेले. त्या दिवशी जेवण चवीनं गेलं. असो."

असो?! भाऊसाहेब, चार पानं उद्देश कुठं मिळेल म्हणून विचारता आणि ज्या दिवशी जेवण चवीनं गेलं त्या दिवसाला 'असो' म्हणून फाइल बंद करता? आणि अजून एक सांगते, पहिल्या साडेतीन पानांत तुमचं अक्षर उतरत गेलंय, ओळी खाली घसरल्यात, आणि त्या ताज्या कलमात एकदम सरळ आणि ठसठशीत झालंय. '1 ते 7' च्या खाली तर पट्टीने रेघ मारलीये. मी आयुष्यभर वह्या तपासल्यात, मला अक्षरातून कळतं पोरगं कुठं जागं आहे आणि कुठं झोपलंय ते.

तुम्हाला वाटतं आवक-जावक, टिपणी, सोबत 1 ते 7, यात काय मोठंसं. तुम्हाला ते श्वासासारखं झालंय म्हणून तसं वाटतं. त्या बाईच्या जागेवरून बघा. नवरा गेला, महिना 1500 रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला, रहिवासी, मृत्यूचा दाखला, पासबुक, वर बँक खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, आणि एका कागदावर सुमन आणि दुसऱ्यावर सुमनबाई असलं तरी प्रकरण मागं. तिला कोणी सांगत नाही की नेमकं कुठं अडलंय, तिला फक्त 'त्रुटी आहे' एवढंच सांगतात आणि ती एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने परत येते. तुम्ही दोन तासांत जे बघितलंत ते तिला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. तुमच्यासाठी ती साधी त्रुटी, तिच्यासाठी ती भिंत. शिबिरातल्या वर्तुळात 'तुम्हाला काय चांगलं येतं' याच्यापुढे तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, मला वाचून हसावं का रडावं कळेना.

इथे मला धोंडो केशव कर्वे आठवतात. घाबरू नका, विद्यापीठ काढा म्हणून सांगत नाहीये. थोर माणसांची नावं घेतली की आपलं आयुष्य अजूनच बारीक दिसायला लागतं, म्हणून मी सहसा टाळते. पण अण्णांचा तुमच्या साताऱ्याशी संबंध आहे. 1875 च्या सुमारास मुरूडहून हा पोरगा परीक्षेला बसायला म्हणून सह्याद्री चढून पायी साताऱ्याला आला, शंभरावर मैल, आणि तिथल्या साहेबांनी वय सतराचं दिसत नाही म्हणून परत पाठवला. म्हणजे वयाच्या दाखल्याची भानगड तेव्हापासूनची आहे. तर हेच कर्वे पुढे फर्ग्युसनला गणित शिकवायचे, आणि तिथून हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमात रोज चालत जायचे यायचे, चिखलातून, अंगावर सामान घेऊन. महिला विद्यापीठ काढलं 1916 ला, तेव्हा त्यांचं वय 58. तुमचं आहे तेवढंच. पण बघा, 1914 ला कॉलेजातून रिटायर झाल्यावर ते काही 'आता उद्देश शोधतो' म्हणून बसले नाहीत. वीस वर्षं जे काम हातात होतं तेच वाढत गेलं. तुमच्याही हातात आहे, फक्त तुम्ही त्याला काम म्हणत नाही कारण त्याचा पगार मिळायचा बंद झालाय.

तर माझं म्हणणं असं. आठवड्यातला एक दिवस पकडा, बाजाराचा असला तर उत्तम कारण बायाबापड्या तेव्हा मोकळ्या येतात, आणि दहा ते एक असा वेळ. घरी नको, ते पुढे सांगते. देवळाचा पार, वाचनालय, ग्रामपंचायतीचा ओटा, कुठेही. एक पिशवी, त्यात पेन, पंचिंग मशीन, कोरे कागद, आणि तुमचं ते रजिस्टर. हो, रजिस्टर ठेवा, आवक नंबर टाका, तुम्हाला त्याशिवाय चैन पडायचं नाही. कोण आलं, काय अडलं, पुढची तारीख. सुरुवातीला कोणी येणार नाही. दोन आठवडे तुम्ही एकटेच बसाल आणि पारावरची मंडळी टिंगल करतील की भाऊसाहेबांना ऑफिस सुटंना. बसू दे, करू दे. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची हयातीच्या दाखल्यांसाठी धावपळ सुरू होते, मोबाईलवर चेहरा दाखवून करायचा तर निम्म्यांना जमत नाही, तेव्हा बघा तुमच्यापुढे कशी रांग लागते.

आता जे करायचं नाही ते. पैसे घ्यायचे नाहीत, एक रुपया नाही, 'चहापाण्याला ठेवा' तर अजिबातच नाही. ज्या दिवशी पहिली नोट घ्याल त्या दिवशी तुम्ही एजंट झालात, आणि गावात एजंट काय कमी आहेत. दुसरं, लोकांबरोबर ऑफिसात आत जायचं नाही. तुमचं टेबल आता दुसऱ्याचं आहे, तिथे जाऊन 'आमच्या वेळी' सुरू केलंत तर नव्या पोरांच्या डोक्यात जाल आणि त्या बाईचं प्रकरण अजून खाली जाईल. बाहेर बसून कागद असा पक्का करून द्यायचा की आतल्याला त्रुटी काढायला जागाच राहू नये. एवढ्यात तुम्ही वस्ताद आहात. तिसरं, प्रत्येकाचं काम होणार नाही. काही प्रकरणं बसतच नाहीत नियमात, दहा हेलपाटे घालून नामंजूर होतील, आणि माणसं तुमच्यावर चिडतील, आतल्या साहेबावर चिडता येत नाही म्हणून. ते धरूनच चाला.

घरचं जरा बोलते, कारण तुम्ही 'मिसेस' वर दोनच ओळी लिहिल्यात पण त्या ओळींत सगळं आलंय. तुम्ही लिहिता की स्वयंपाकघरातल्या डब्यांना तुम्ही नंबर टाकलेत आणि आत कागद चिकटवून यादी केलीत, आणि तरी त्या चिडल्या. अहो चिडणारच! चौतीस वर्षं ते त्यांचं ऑफिस आहे. साडेनऊ ते सहा तिथे त्या एकट्या साहेब, एकट्या शिपाई. तुम्ही बदली होऊन आल्या-आल्या, चार्ज न घेता, त्यांच्या रेकॉर्डला हात घातलात. तुमच्या टेबलावर कोणी येऊन फायली अशा लावल्या असत्या तर? त्यांना तर कुठली 31 मे आलीच नाही, शाल नाही, घड्याळ नाही, वर आता दुपारचा चहा दोन वेळा करावा लागतो. म्हणून म्हटलं घरी लोक बोलावू नका, नाहीतर प्रत्येक अर्जामागे एक कप चहा त्यांच्या अंगावर पडेल आणि तुमची समाजसेवा त्यांच्या जिवावर होईल. उलट एक काम घरातलं पूर्ण तुमच्याकडे घ्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, आठवण करून द्यायला न लावता, संध्याकाळची भांडी म्हणा, दळण-किराणा म्हणा. आणि डब्यांवरचे नंबर काढून टाका. आजच.

वहीत रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्यात शिबिरात, ती वही तुम्ही चार दिवसांत सोडलीत असं लिहिलंय. सोडा खुशाल. तुमच्या त्या आवक रजिस्टरला शेवटी एक शेऱ्याचा रकाना असतो ना, तो पुरे आहे. 'मंजूर' एवढा एक शब्द तिथे पडला की ती तुमची चांगली गोष्ट.

एक मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, जेवण कमी झालंय, भजनाला जायचे तेही सोडलंत. हे किती दिवस चाललंय ते लिहिलं नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर डॉक्टरला दाखवा, सरळ जाऊन सांगा की झोप नाही, मन लागत नाही. शुगर, थायरॉइड, बी-12 तपासतील, यातलं काही बिघडलं तरी माणूस असा खचतो आणि त्याला वाटतं आपल्या आयुष्यातच अर्थ राहिला नाही. आणि ते मनाचं दुखणं निघालं तर त्यालाही औषध आहे, त्याची लाज धरू नका. कधी रात्री फारच नकोसं झालं, नको ते विचार आले, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. नंबर त्या मिळालेल्या घड्याळाखाली लिहून ठेवा. पाराचं काम आणि डॉक्टर ही दोन्ही एकाच आठवड्यात करायची, एक झालं की दुसरं असं नाही.

मुलाला सांगा की पुढच्या शिबिराचे साडेचार हजार देऊ नकोस, त्यापेक्षा एक छोटा प्रिंटर-झेरॉक्स पाठव. त्यालाही बरं वाटेल काहीतरी केल्यासारखं, आणि फोनवर बोलायला तुम्हाला दोघांना 'पॉझिटिव्ह राहा' सोडून दुसरा विषय मिळेल, म्हणजे शाई संपली, कागद अडकला, कुठलं बटण दाबू.

पुढचं पत्र महिन्याभरात पाठवा, अनुपालन अहवाल समजा हवं तर. आणि त्यात पहिल्यांदा हे लिहा की त्या आळीतल्या बाईंच्या प्रकरणाचं काय झालं, नावाचा घोळ मिटला का आणि उत्पन्नाचा नवा दाखला मिळाला का. मला खरंच उत्सुकता लागून राहिलीये.